केतो नावाची आत्या

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं : केतो.
मला वाटलं, आत्याची चौकशी करतायत.
आमच्या कुतैसीत दर तिसऱ्या घरात एक केतो असते.
माझी केतोआत्या द्राक्षांना शिव्या देऊन पिकवायची,
ती जाऊन अकरा वर्षं झाली.
"नाही हो मालखाझ, हा आहार आहे,"
बाई हसल्या नाहीत. मग थोड्या हसल्या.

तीन औषधं आधीच हरली होती.
चौथ्याने तेकलेला झोपवलं, झटक्यांना नाही.
दिवसाला चाळीस वेळा मान पडायची,
जेवताना, वेणी घालताना, शब्दाच्या मधोमध.
घरातही सायकलचं शिरस्त्राण, कपाळावर तरीही खोक.

"तुम्ही भट्टीवाले ना?" बाई म्हणाल्या,
"मग असं समजा, सरपण बदलून बघायचं.
साखरेऐवजी चरबी.
आग का शांत होते, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही."

मी जमिनीत पुरलेल्या रांजणात
कमरेपर्यंत ओणवा होऊन
तापल्या भिंतीवर होडीसारखा पाव थापणारा माणूस.
बाप सांगायचा, मोजतो तो शिकाऊ.
मिठाचं माप तळव्याला कळतं, पाण्याचं कोपराला.
आता ओट्यावर सोनाराकडे असतो तसला काटा.
लोणी एकवीस पूर्णांक चार.
साय. बलक. अक्रोडाचं तेल.
काकडी आठ ग्रॅम, म्हणजे काकडीची नुसती आठवण.
चार भाग स्निग्ध,
एका भागात उरलेलं सगळं जग.
वाटीला चिकटलेलं तेलही हिशेबात;
इंगा ते रबरी उलथन्याने निपटून काढते
आणि तेकले डोळे मिटून गिळते.

पहिल्या आठवड्यात ती ओकत होती.
मी म्हणालो, बंद करू.
इंगा म्हणाली, पट्टी बघ.
लघवीत बुडवलेली कागदाची पट्टी
गुलाबी, मग जांभळी, मग आमच्या काळ्या द्राक्षांच्या रंगाची.
आत्या असती तर झटक्यांनाही
तिने कुंपणाशी उभं राहून शिव्या घातल्या असत्या.

मी जिन्यातच सदरा बदलतो.
नखं घासतो, केस झटकतो.
तरी ती कुशीत शिरून म्हणते,
"बाबा, तुझ्या कानात पाव आहे."

ऑक्टोबरात शेजारच्या गुरामने
दोऱ्यात ओवलेले अक्रोड
द्राक्षरसाच्या खळीत बुडवून गॅलरीत वाळत टाकले.
म्हातारा विसराळू. एक माळ त्याने तिच्या हातात दिली.
मी घरी आलो तेव्हा दार उघडं, काटा चालू,
आणि ती खुर्चीवर गुडघे टेकून बसलेली.
गोड साल नखांनी सोलून बशीत वेगळं काढलेलं,
अक्रोड धुऊन ओळीत मांडलेले.
तोंड कोरडं. मी बघितलं. बघायला नको होतं.
"साल तू खा, बाबा.
हे माझे किती ग्रॅम?"

मी मोरीकडे तोंड करून ते साल खाल्लं.
तेवढं गोड मी जन्मात काही खाल्लं नाही
आणि तेवढं गिळायला जडही.

वहीत आकडे उतरत गेले. सव्वीस. अकरा. सहा.
एका रविवारी इंगाने काहीच लिहिलं नाही.
दोघांनीही ते तोंडाने उच्चारलं नाही,
दृष्ट लागायला आमचाही देश पुरेसा आहे.
सोमवारी दोन. तिने दोन लिहिले.

शिरस्त्राण अजून खुंटीला टांगलेलं नाही,
दाराच्या कडीला आहे, हाताशी.

आज पहाटे चार वाजता
मिठाच्या डब्यात हात घातला,
तीस वर्षांचा हात,
आणि तो मध्येच थांबला.
शिकाऊ पोरगा खोकला,
भट्टी वाट बघत होती, पीठ फुगत होतं.
मी मूठ उघडून
एकेक खडा मोजत राहिलो.